ठासणीची बंदूक आणि खारीचे मांस



भंडारा जिल्ह्यातील दिघोरी हे चुलबंदच्या खोऱ्यातले धानाचे गाव. भोवती तलाव, बोड्या, बांध्या आणि त्यांच्या पलीकडे झाडी. म्हणून तर या मुलखाला झाडीपट्टी हे नाव पडले. अशा गावच्या संदर्भाने खारीच्या शिकारीवर बोलावयाचे म्हटल्यावर पुष्कळांना हसू येईल. वाघ, बिबट्या, रानडुक्कर सोडून खार? पण इतिहासात मोठ्या जनावरांपेक्षा लहान जनावरे कधी कधी अधिक बोलकी असतात. बंदूक कोणाच्या हाती होती आणि कोणाच्या हाती नव्हती, हा प्रश्न खारीच्या निमित्ताने जितका स्वच्छ दिसतो तितका वाघाच्या निमित्ताने दिसत नाही.

आधी बंदूक समजून घेऊ. ठासणीची बंदूक तोंडाकडून भरावयाची. प्रथम मापाने दारू ओतावयाची. तीत सुमारे तीन चतुर्थांश सोरा आणि उरलेल्या भागात कोळसा व गंधक, त्यांतही कोळसा अधिक. तिच्यावर चिंधीचा वा काथ्याचा बोळा गजाने ठासावयाचा, मग गोळी किंवा छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. जुन्या तोडेदार बंदुकीत कानापाशी रंजक ठेवून पेटती जामगी लावीत. नंतर गारेची चाप आली आणि त्यानंतर तांब्याची टोपी. ही टोपी ज्या शोधातून निघाली तो शोध शिकारीच्या हौशीतूनच लागला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्साईथ या पाद्र्याला पाखरे मारण्याचा नाद होता. गारेच्या बंदुकीचा रंजक भपकन पेटला की पाखरू गोळी पोहोचण्यापूर्वीच उडून जाई. त्यावर उपाय म्हणून त्याने आघाताने पेटणाऱ्या द्रव्याची युक्ती काढली आणि १८०७ साली तिचे पेटंट घेतले. याच आडनावाचा दुसरा एक फोर्साईथ, जेम्स, आपल्या मध्य प्रांताच्या जंगलांतून हिंडला. त्याचा मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला. दोघांची गल्लत करू नये.

आता अमेरिकेकडे वळू, कारण खारीच्या शिकारीचे खरे माहेर तेच. पेन्सिल्व्हानियात वस्ती केलेल्या जर्मन कारागिरांनी लांब नळीची, आतून आटे पाडलेली, लहान गोळीची ठासणीची बंदूक घडविली. पुढे ती केंटकीच्या नावाने गाजली. दारू आणि शिसे थोडे लागे, नेम अचूक. जंगल तोडून मका पेरणाऱ्या वसाहतवाल्याला खार ही दुहेरी वस्तू होती, पिकाची चोर आणि चुलीवरचे मांस. ओहायोच्या विधिमंडळाने १८०७ साली कायदाच केला की कर भरणाऱ्याने खारींच्या टाळूची कातडी ठराविक संख्येने, दहापासून शंभरापर्यंत, जमा करावी! करापोटी खारी मागणारे सरकार आपण तरी ऐकले नव्हते. पक्ष्यांचा चित्रकार ऑडुबॉन याने लिहून ठेवले आहे की डॅनियल बून खारीला गोळी मारीतच नसे. ती ज्या फांदीवर बसली असेल तिची साल नेमकी तिच्या पोटाखाली उडवी, आणि त्या धक्क्यानेच ती मरून पडे. मांस न नासता हाती येई. हे मांस मग मका, शेंगांचे दाणे, कांदा आणि खारवलेल्या डुकराची चरबी यांच्याबरोबर तासन् तास शिजे. व्हर्जिनियातील ब्रन्सविक परगण्याच्या नावाने ओळखला जाणारा रस्सा मुळात खारीचाच होता असे तेथील लोक सांगतात. १८६२ च्या सप्टेंबरात यादवी युद्धात सिन्सिनाटी शहरावर संकट आले, तेव्हा ओहायोतील पंधरा हजारांवर शेतकरी घरच्या बंदुका घेऊन धावले. त्यांचे नावच पडले ‘खारीचे शिकारी’. चुलीची बंदूक एका दिवसात नगररक्षणाची बंदूक झाली.

आपल्याकडे हे का घडले नाही? पहिले उत्तर तराजूचे आहे. अमेरिकेतील करडी खार अर्ध्या किलोच्या आसपास भरते. आपल्या अंगणातली पट्टेवाली खार शंभर ग्रॅमच्या आगेमागे. तिच्यावर छर्रे झाडले तर शिजवायला उरावे काय? शिवाय सोरा, गंधक, शिसे आणि टोपी यांचा खर्च निराळा. बार महाग आणि मांस चिमूटभर, असा हा व्यवहार होता. म्हणून लहान शिकार येथे फासे, जाळी, गलोल, तीरकमठा यांचीच राहिली. विस्तवावर केस जाळावे, पोट साफ करावे, हळद, मीठ, तिखट लावून भाजावे किंवा भाताबरोबर पातळ रस्सा करावा, एवढाच काय तो पाकविधी. शेकरूची गोष्ट वेगळी. ते दीड-दोन किलोंचे जनावर. घनदाट रानातील लोक त्याचे मांस खात.

दुसरे उत्तर रामायणाच्या लोककथेचे. सेतूच्या कामात वाळू वाहणाऱ्या खारीच्या पाठीवरून रामाने बोटे फिरविली, त्याचेच हे पट्टे. ‘खारीचा वाटा’ हा शब्दप्रयोग रोज वापरणारा समाज खार सहजासहजी मारीत नाही. माझ्या लहानपणी गलोलीने खार पाडणाऱ्या मुलाला म्हाताऱ्या बायका जे बोल लावीत, ते पोपट मारणाऱ्याला लावीत नसत. तथापि या श्रद्धेवर सगळा भार टाकणे मला पटत नाही. श्रद्धा होती, पण बंदूकही नव्हती.

ती का नव्हती, हे तिसरे उत्तर. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले, १८५७ चा उठाव झाला, १८६० साली हत्यारांचा कायदा आला आणि लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा तो प्रसिद्ध कायदा. गोऱ्या माणसाला सूट, आणि येथल्या माणसाला परवान्यासाठी साहेबाचे दार. परवाना मिळे तो ज्याची पत होती त्याला. झाडीपट्टीत ती पत बहुधा मालगुजाराची. रात्र जागून धान राखणाऱ्या गोंडाच्या किंवा ढिवराच्या हाती डबा, गोफण आणि शेकोटीच उरली.

स्वातंत्र्याच्या काळात हा प्रश्न विसरला गेला नव्हता. नेहरू अहवालात (१९२८) व कराचीच्या ठरावात (१९३१) नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख आहे. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत आपल्याच मध्य प्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी हरि विष्णु कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालावा असा आग्रह धरला. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. सरसकट प्रत्येकाला, गुन्हेगारालासुद्धा, असा हक्क देणे देशहिताचे नाही, हा त्यांचा मुद्दा. सूचना नामंजूर झाली. कामतांची भूमिका समजते, पण मला डॉक्टरांचे म्हणणे अधिक व्यवहारी वाटते. ज्या गावात पत एकाचीच, तेथे कागदावरचा हक्क बंदूक कोणाच्या हाती देणार होता?

१९५९ च्या शस्त्र कायद्यात मात्र एक छोटी वाट राहिली. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा त्यात नाव घेऊन उल्लेख आहे. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनी हौसेच्या शिकारीला जागा ठेवली नाही. शेकरू तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी झाला. शेजारच्या गडचिरोलीत अलीकडच्या वर्षांत गावकऱ्यांनी भरमार बंदुका, म्हणजे याच ठासणीच्या बंदुका, पोलिसांच्या स्वाधीन केल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. त्यांतल्या कित्येक गावातच घडविलेल्या आणि बिनपरवान्याच्या. धानाला रानडुकराचा उपद्रव मात्र आहे तसाच आहे, आणि बांधीवर रात्री डबा वाजतो तोही तसाच.