आपल्याकडचे बेदुईन

बेदुईन म्हटलं की डोळ्यांपुढे लगेच 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' येतो. वाळू, उंट, तंबू वगैरे. पण मंडळी, पाऊस आणि चारा बघून बिऱ्हाड हलवणारी माणसं बघायला अरबस्तानात जायला नको. आपले मेंढपाळ धनगर आहेत की!

हे भटकणं म्हणजे वाट फुटेल तिकडे जाणं नव्हे. माझ्यासारख्या प्रोग्रामरला त्यात चक्क एक अल्गोरिदम दिसतो. इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सिन्नर, येवला, नांदगावात त्याच्या पावपटही नाही. चिखलात मेंढ्यांची खुरं सडतात, म्हणून पावसाळा कोरड्या पट्ट्यात काढायचा. दिवाळीनंतर तिथलं गवत संपलं की वाडा हलतो. काही कळप घाट उतरून कोकणात जातात, भात कापलेल्या शेतांत. शेतकरी रात्री मेंढ्या शेतात बसवून घेतो. त्याला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. मृगाच्या आत परत.

यातून राज्यकर्तेही निघाले. १६९३ साली जन्मलेले मल्हारराव होळकर धनगर घराण्यातले. चांदवडचा रंगमहाल होळकरांचाच.

मग हे बिघडलं कुठे? इंग्रजांच्या १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलं आली आणि चराई हा हक्क न राहता सरकारची मेहेरबानी झाली. पुढे कालव्याचं पाणी आलं, शेतं वर्षभर हिरवी राहू लागली, मोकळं रान आटलं. खताचं काम युरियाच्या गोणीने हलकं केलं. घोंगडीची जागा गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटने घेतली, आता कमाई मुख्यतः मटणावर.

अरबस्तानातही फार वेगळं घडलं नाही. इब्न सौदने १९१२ पासून बेदुईनांना वस्त्या करून बसवायला सुरुवात केली. पुढे तेलाचा पैसा आला. आता तिथे टँकरने पाणीच कळपाकडे जातं. आपल्या धनगराला मात्र अजून पाण्याकडे चालावं लागतं.

२००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा उल्लेख आहे. वाचून बरं वाटतं. पण महाराष्ट्रात धनगर भटक्या जमातींत मोडतात, अनुसूचित जमातींत नाहीत. अशांना तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य आणि जंगलावरचं अवलंबन दाखवावं लागतं. जो वर्षातले मोजके महिने एका ठिकाणी राहतो, ज्याच्या आज्याच्या मुक्कामाची नोंद कुणी केलीच नाही, त्याने पुरावा आणायचा कुठून? कायदा लिहिताना युजर कायम एकाच पत्त्यावर राहतो असं गृहीत धरलंय, आणि हा युजर तर चालतोय.

२०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणं आणि पशुपालकांचं वर्ष ठरवलं. मान मिळाला, चांगलंच झालं. पण धनगराच्या पोरीला शाळा हवी असते आणि मेंढ्यांना चारा. वाडा हलला की पोरीची शाळा सुटते आणि नाही हलला तर मेंढ्या उपाशी. ही निवड दरवर्षी दिवाळीनंतर त्या घरात करावी लागते.