प्रशिक्षकाची कारकीर्द आणि प्रा. देवधरांचा हिशेब

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये, म्हणजे अंडाकृती चेंडू हातात धरून पळण्याच्या तिथल्या खेळात, प्रशिक्षकाची कारकीर्द विजय, पराभव आणि बरोबरी यांच्या आकड्यांत मांडण्याची प्रथा आहे. या खेळाचे बरेचसे नियम ज्यांनी घडवले ते वॉल्टर कँप 1888 ते 1892 या पाच हंगामांत येल विद्यापीठाचे प्रशिक्षक होते, आणि त्यांच्या नावावर 67 विजय व अवघे दोन पराभव नोंदले गेले. पैकी 1888च्या हंगामात येलने सर्व 13 सामने जिंकताना प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळू दिला नाही. कँप त्या वेळी एका घड्याळाच्या कारखान्यात नोकरी करीत असल्यामुळे सरावाच्या वेळी मैदानावर बहुधा त्यांच्या पत्नी ॲलिस उपस्थित राहत आणि खेळाडूंचे गुणदोष टिपून घरी सांगत. मात्र ॲलिस यांचा वाटा विजय-पराभवाच्या कोष्टकात कुठेही दिसत नाही.

महाराष्ट्रात अशा मोजमापाच्या सर्वांत जवळ जाणारी कारकीर्द दिनकर बळवंत देवधर (1892–1993) यांची आहे. ते पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते आणि क्रिकेटच्या जगातही शेवटपर्यंत ‘प्रोफेसर’ म्हणूनच ओळखले गेले. त्या काळी प्रांतिक संघाला स्वतंत्र प्रशिक्षक नेमण्याची पद्धत रूढ नव्हती. खेळाडूंना हेरणे, त्यांना वळण लावणे आणि सामन्यात त्यांचा उपयोग करून घेणे ही कामे बहुतांशी कर्णधाराकडेच येत, त्यामुळे देवधरांची कर्णधारपदाची वर्षे ही त्यांच्या अध्यापनाचाच मैदानावरील भाग मानणे योग्य ठरते.

आकडेवारीत मात्र दिसतो तो फलंदाज. 1911मध्ये प्रथम श्रेणी क्रिकेटला प्रारंभ, 81 सामन्यांत 4522 धावा, आणि 1926मध्ये इंग्लंडहून आलेल्या एमसीसी संघाविरुद्ध मुंबईत भारतीय संघाकडून 148 धावा. भारताने पहिला कसोटी सामना 1932मध्ये खेळला तेव्हा देवधर चाळिशीत होते आणि त्यांची निवड झाली नाही. परंतु रणजी करंडकाच्या, म्हणजे 1934मध्ये सुरू झालेल्या प्रांतिक संघांच्या स्पर्धेच्या, 1940-41च्या हंगामात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी मुंबईविरुद्ध 246 धावा काढल्या. महाराष्ट्राच्या 675 धावांना मुंबईने 650 धावांनी उत्तर दिले आणि पहिल्या डावातील जेमतेम आघाडीवर महाराष्ट्र पुढे गेला. मुंबईच्या त्या धावसंख्येत 202 धावा खंडू रांगणेकरांच्या होत्या. आदल्याच हंगामात त्यांनी देवधरांच्याच संघाकडून पदार्पणात शतक झळकावले होते, म्हणजे तयार झालेला खेळाडू प्रतिपक्षाला जाऊन मिळाल्याचा चटका प्रोफेसरांनाही सोसावा लागला.

देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने 1939-40मध्ये संयुक्त प्रांताला आणि 1940-41मध्ये मद्रासला अंतिम सामन्यात हरवून रणजी करंडक सलग दोनदा जिंकला. विजय हजारे यांनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद 316 धावा केल्या त्या याच काळात. मात्र हे सारे श्रेय एका माणसाच्या पदरात टाकणे अन्यायाचे होईल, कारण हजारे यांना ऑस्ट्रेलियाचे क्लॅरी ग्रिमेट यांचेही मार्गदर्शन लाभले होते. घरच्या मैदानावरचे यश तर निर्विवाद आहे: तारा, सुंदर आणि सुमन या देवधरांच्या तिन्ही कन्या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या ठरल्या.

पुण्याहून भोरमार्गे वरंध घाट उतरल्यावर लागणाऱ्या महाड-पोलादपूरच्या मुलखालाही ही नोंद परकी नाही, कारण हा मुलूख ज्यात येतो त्या रायगड जिल्ह्याचे क्रिकेट आज पुण्याच्याच महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या अखत्यारीत येते. तेथील गावागावांत हुतूतू किंवा कुस्ती शिकवणाऱ्या वस्तादांच्या नावापुढे मात्र जय-पराजयाचे आकडे कोणी लिहिले नाहीत. देवधरांचे आकडे उरले ते वृत्तपत्रे आणि धावफलकांमुळे. 1973-74पासून त्यांच्या नावाने देवधर करंडक खेळवला जाऊ लागला. रणजी करंडक मात्र 1941नंतर महाराष्ट्राला पुन्हा जिंकता आलेला नाही.