चार्ल्स ड्रू यांचा थिसिस

तुमच्यापैकी कुणी सर्जरीत पीजी करत असेल, तर थिसिस हे काय प्रकरण असतं ते मी सांगायला नको. विषय गाईड देतात, पेशंट आपण जमवायचे, आणि शेवटी ते बाड लायब्ररीच्या कपाटात जातं. आज सांगते ती कपाटात न राहिलेल्या एका थिसिसची गोष्ट.

1938 साली चार्ल्स ड्रू न्यूयॉर्कच्या प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलात, कोलंबिया विद्यापीठाच्या सर्जरी विभागात शिकायला आले. वय 34, मॅकगिलची वैद्यकीय पदवी, वर रॉकफेलर फेलोशिप. विभागप्रमुख होते अ‍ॅलन व्हिपल, स्वादुपिंडाच्या ऑपरेशनला ज्यांचं नाव आहे तेच. ड्रू कृष्णवर्णीय होते. गोऱ्या पेशंटना असा डॉक्टर चालणार नाही, म्हणून वॉर्डातल्या नेहमीच्या कामाऐवजी त्यांना जॉन स्कडर यांच्याबरोबर रक्त साठवण्याच्या संशोधनावर बसवलं गेलं. वॉर्डातली दारं पुढे थोडी उघडली, पण थिसिसचा विषय असा ठरला.

काढून ठेवलेलं रक्त तेव्हा जेमतेम आठवडाभर वापरता यायचं. तांबड्या पेशींमधलं पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं, पेशी फुटतात. हे किती वेगाने होतं, कशाने लांबवता येतं, हे मोजायचं होतं. ऑगस्ट 1939 मध्ये हॉस्पिटलात प्रायोगिक रक्तपेढी सुरू झाली आणि ड्रू ती चालवू लागले. 1940 मध्ये ‘बँक्ड ब्लड’ हा प्रबंध पूर्ण झाला. कोलंबियाची ही डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय.

इथे एक दुरुस्ती करते. ड्रू यांनी रक्तपेढीचा ‘शोध लावला’ असं तुम्ही शाळेत, फेब्रुवारीतल्या पोस्टरवर वाचलं असेल. तसं नाही. शिकागोत बर्नार्ड फँटस यांनी 1937 मध्येच रक्तपेढी सुरू केली होती, ‘ब्लड बँक’ हे नावही त्यांचंच. ड्रू यांनी विखुरलेलं ज्ञान एकत्र आणलं आणि पेढी रोज चालवायची कशी, हे दाखवलं. मला हे काम शोधापेक्षा कमी वाटत नाही.

त्याच वर्षी लंडनवर बॉम्ब पडू लागले. न्यूयॉर्कमधून प्लाझ्मा पाठवायची योजना ड्रू यांच्या हाती आली. सुमारे 14,500 लोकांनी रक्त दिलं, 5,000 लिटरहून जास्त प्लाझ्मा ब्रिटनला गेला. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी सगळीकडे एकच पद्धत, एकच तपासणी त्यांनी लावली. त्यावरूनच 1941 मध्ये रेड क्रॉसची प्रायोगिक पेढी उभी राहिली. आणि मग रेड क्रॉसने कृष्णवर्णीयांचं रक्त नाकारलं. जानेवारी 1942 पासून घ्यायला लागले, पण वेगळ्या लेबलखाली. म्हणजे खुद्द ड्रू यांचं रक्तही वेगळ्याच बाटलीत गेलं असतं. याला शास्त्रीय आधार नाही, हे ते उघड बोलले. तोवर ते हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय सर्जन घडवायला गेले होते.

1 एप्रिल 1950 ला नॉर्थ कॅरोलायनात मोटार अपघातात ते गेले. ‘काळे म्हणून त्यांना रक्त नाकारलं’ ही गोष्ट मीही अनेकदा ऐकली आहे. ती खोटी आहे. गोऱ्या डॉक्टरांनी शर्थीचे प्रयत्न केले, असं गाडीतल्या सहकाऱ्यानेच सांगितलं. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, त्याच काउंटीत अपघात झालेल्या एका कृष्णवर्णीय तरुणाला मोठ्या हॉस्पिटलने खरंच परत पाठवलं. ‘काळ्यांच्या वॉर्डात खाट नाही’ म्हणून. तो वाचला नाही.

रक्ताच्या बाटल्यांवरचं वंशाचं लेबल रेड क्रॉसने काढलं, तेही 1950 मध्येच.