पुढच्या तपासणीची तारीख : बीड जिल्हा आणि मधुमेह

मधुमेहाचा इतिहास सांगायचा म्हटलं की टोरांटो, १९२२ सालचं इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन, तिथून सुरुवात होते. आज मला इतिहास सांगायचाय तो केसपेपरवरच्या एका ओळीचा: ‘तीन महिन्यांनी या.’

हा आजार बरीच वर्षं दुखत नाही. रक्तातली साखर, रक्तदाब, लघवीतलं प्रथिन, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि पायाचे तळवे, हे सगळं काही होत नसतानाच तपासायचं असतं. त्यासाठी माणूस त्याच गावात सापडावा लागतो आणि तपासणारा जवळ असावा लागतो. बीडमध्ये अडचण दोन्हीकडून आहे.

आधी दुसरी बाजू बघू. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. मराठवाड्याला समान वागणुकीचा शब्द १९५३ च्या नागपूर करारात दिला होता. तो कितपत पाळला गेला हे मोजायला वि. म. दांडेकरांची समिती नेमावी लागली. तिचा अहवाल १९८४ चा, आणि त्यात आरोग्यसेवेचाही अनुशेष होता. मधल्या काळात, सत्तरच्या दशकात, अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालं. ही मोठीच गोष्ट झाली. पण नकाशा डोळ्यांपुढे आणा. अंबाजोगाई जिल्ह्याच्या पूर्वेला, जिल्हा रुग्णालय बीडला, आणि आष्टी पार पश्चिमेच्या टोकाला. आष्टीच्या माणसाला नगर जवळ पडतं. म्हणजे विदर्भ-मराठवाडा-पश्चिम महाराष्ट्र ही तुलना आपण नेहमी करतो, पण अकरा तालुक्यांच्या या एका जिल्ह्यातही अंतरं सारखी नाहीत.

आता माणसाकडे येऊ. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या निघतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार इथली गावंच्या गावं ओस पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटक, आणि परत यायचं ते मार्च-एप्रिलात. एचबीएवनसी नावाची चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. ऊसतोडीचा हंगाम त्याच्या दुप्पट! तीन महिन्यांची तारीख फडात असतानाच उलटून जाते. खाडा केला तर पैसे कापले जातात, म्हणून तिथल्या दवाखान्यात जाणंही जमत नाही. साखरेसाठी राबणाऱ्यांच्या साखरेची नोंद कुठेच होत नाही, हे काही कुणी मुद्दाम ठरवलेलं नाही, पण झालंय तसंच.

सरकारने काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०१० मध्ये मधुमेह, कर्करोग, हृदयविकार यांचा राष्ट्रीय कार्यक्रम देशातल्या १०० जिल्ह्यांत सुरू झाला. आपल्या राज्यातून आधी घेतले ते वर्धा, गडचिरोली असे विदर्भातले जिल्हे. पुढे तो सगळीकडे गेला. तिशीपुढच्या प्रत्येकाची तपासणी ठरली, आशाताई घरोघरी फॉर्म भरू लागल्या. हंगामात दाराला कुलूप असेल तर त्या फॉर्मचं काय करायचं, ते मात्र ज्याच्या-त्याच्यावर. जनआरोग्य योजनेचंही तसंच: तिचा भर दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर. पाय चिघळला की योजनेचं दार उघडतं. तो चिघळू नये म्हणून दर तीन महिन्यांनी करायच्या वारीचं एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज आपल्याच खिशातून.

‘खेड्यात कुठे असते हो शुगर?’ असं अजूनही विचारतात. आयसीएमआरच्या २०११ च्या पाहणीत महाराष्ट्राच्या शहरी भागात शंभरात जवळपास अकरा प्रौढांना मधुमेह निघाला, ग्रामीण भागात साडेसहा. कमी आहे, पण नगण्य नव्हे. शिवाय पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास केला. आपली बाळं वजनाने कमी, तरी अंगात चरबी जास्त, असं त्यांना दिसलं; गर्भातल्या कुपोषणाचा पुढच्या मधुमेहाशी असलेला संबंध त्यातून पुढे आला. १९७२ च्या दुष्काळात जन्मलेली बीडची पिढी आता पन्नाशी ओलांडून गेलीय. त्यातले कितीतरी जण अजून कोयता घेऊन जातात.