टेरी ग्रिफिथ्स : पगाराची नोकरी सोडणारा जगज्जेता

स्नूकर हा खेळ आपल्याकडे क्लबातील धनिकांचा म्हणून ओळखला जातो, आणि ते अगदीच खोटे नाही. इ. स. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन नामक एका तरुण अधिकाऱ्याने बिलियर्डच्या मेजावर रंगीत चेंडू वाढवून हा खेळ प्रथम मांडला, असे मानले जाते. (पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते हे नव्हेत.) परंतु आपल्या भूमीत जन्मलेला हा खेळ सातासमुद्रापार गेला, तो तेथे साहेबलोकांच्या दिवाणखान्यातच राहिला नाही. वेल्सच्या दक्षिण भागातील खाणकामगारांच्या वस्त्यांतून, त्यांनी आपल्या वर्गणीने उभारलेल्या सभागृहांतून तो रुजला. त्या कष्टकरी मुलखातून वर आलेल्या एका पुरुषाची हकीकत ज्ञातिबांधवांपुढे ठेवावी, असा माझा हेतू आहे.

टेरी ग्रिफिथ्स यांचा जन्म १६ ऑक्टोबर १९४७ रोजी लानेली या गावी झाला. कोळसा आणि कथिलाचा पत्रा यांवर पोट भरणारे हे गाव. शाळा लवकर सुटली. मग कोळशाच्या खाणीवर काम, बसगाडीवर कंडक्टरी, टपाल वाटण्याचे काम, पुढे विम्याचा धंदा, असे एकामागून एक व्यवसाय त्यांनी केले. टपालवाल्याचा दिवस पहाटे सुरू होऊन लवकर आटोपतो, हे खेळाच्या दृष्टीने सोयीचेच. दरम्यान विवाह झाला, दोन मुलगे झाले. खेळ चालूच होता, पण तो हौशी खेळाडूचा. इ. स. १९७५ साली ते वेल्सचे हौशी विजेते ठरले. त्यानंतर १९७७ आणि १९७८ अशी लागोपाठ दोन वर्षे इंग्लंडचे हौशी अजिंक्यपद त्यांनी मिळविले. त्यांतील दुसऱ्या खेपेस अंतिम सामन्यात त्यांनी ज्यांना हरविले, ते जो जॉन्सन पुढे १९८६ मध्ये स्वतः जगज्जेते झाले, यावरून हौशी क्षेत्राची पातळी ध्यानी यावी.

येथे खरा प्रश्न उभा राहिला. हौशी विजेत्यास ढाल मिळते, मान मिळतो. घरखर्च त्यातून चालत नाही. व्यावसायिक व्हावे, तर दरमहाचे उत्पन्न सोडावे लागणार, आणि त्या काळी व्यावसायिकांच्या स्पर्धा मोजक्याच होत्या. आपल्या स्मरणिकेतील वधूवरांच्या यादीत 'कायम नोकरी' हे शब्द किती ठळकपणे छापले जातात, हे वाचकांस सांगावयास नकोच. ग्रिफिथ्स यांच्या सासुरवाडीस काय वाटले असेल, त्याची कल्पना आपल्यापैकी कोणीही करू शकेल! तथापि एक गोष्ट नीट पाहावी. हा मनुष्य एकोणिसाव्या वर्षी घर सोडून पळालेला नव्हता. तिशी गाठून, सर्वोच्च हौशी पद दोनदा पदरात पाडून, मगच १९७८ च्या जून महिन्यात त्यांनी व्यावसायिक क्षेत्रात पाऊल टाकले. याला मी जुगार म्हणणार नाही.

आरंभ मात्र अपशकुनाचाच झाला. स्नूकरच्या एका डावास फ्रेम म्हणतात. ब्रिटनच्या अजिंक्यपदाच्या पात्रता फेरीत रेक्स विल्यम्स यांच्याविरुद्ध जो प्रथम नऊ फ्रेम जिंकील तो पुढे, असा सामना होता. ग्रिफिथ्स ८-२ असे पुढे होते. एकच फ्रेम हवी होती. ती आली नाही. विल्यम्स यांनी ओळीने सात फ्रेम जिंकल्या व सामना ९-८ असा नेला. व्यावसायिक म्हणून पहिल्याच सामन्यात असा घास तोंडातून गेल्यावर, नोकरी सोडलेल्या गृहस्थाने घरी जाऊन काय सांगावे?

पुढील वर्षी, १९७९ मध्ये, शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा भरली. मुख्य फेरीत थेट प्रवेश नव्हता. दोन पात्रता सामने जिंकून ते तेथे पोहोचले. पहिल्या फेरीत पेरी मॅन्स यांस हरविल्यावर उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडली अ‍ॅलेक्स हिगिन्स यांच्याशी. ते एकदा जगज्जेते झालेले, विजेच्या गतीचे, प्रेक्षकांचे लाडके. १२-१२ अशी बरोबरी झाली, आणि अखेरच्या फ्रेममध्ये ग्रिफिथ्स यांनी एकाच पाळीत १०७ गुण करून सामना संपविला. एका डावावर सर्व भवितव्य टांगलेले असता हात थरथरू न देता शंभरी ओलांडणे ही सामान्य गोष्ट नव्हे. माझ्या मते या सर्व हकीकतीचे शिखर अंतिम सामन्यात नसून येथेच आहे. उपांत्य सामना ऑस्ट्रेलियाच्या एडी चार्ल्टन यांच्याशी झाला. तो रात्री पावणेदोनच्या सुमारास १९-१७ असा सुटला. थकलेल्या ग्रिफिथ्स यांनी दूरचित्रवाणीच्या मुलाखतीत, आपण आता अंतिम फेरीत पोहोचलो की, असे आपल्या वेल्श हेलात भाबडेपणाने म्हटले, ते तेथील लोकांच्या कायम स्मरणात राहिले. अंतिम सामन्यात त्यांनी डेनिस टेलर यांचा २४-१६ असा पराभव केला. पारितोषिक होते दहा हजार पौंडांचे. नोकरदारी सोडून अद्याप वर्षही पुरे झाले नव्हते.

जागतिक अजिंक्यपद त्यांना पुन्हा मिळाले नाही. १९८८ च्या अंतिम सामन्यात स्टीव्ह डेव्हिस यांनी त्यांस हरविले. मात्र १९८० मध्ये मास्टर्स आणि १९८२ मध्ये ब्रिटनचे अजिंक्यपद त्यांनी जिंकले. यांपैकी दुसरी स्पर्धा तीच, जिच्या पात्रता फेरीत ८-२ वरून घात झाला होता. दोन्ही अंतिम सामन्यांत समोर हिगिन्सच होते.

पुढे ते गुरुपदाकडे वळले. स्टीफन हेंड्री व मार्क विल्यम्स यांसारख्या जगज्जेत्यांनी त्यांचे मार्गदर्शन घेतले. लानेली त्यांनी सोडले नाही. तेथेच स्नूकरचे सभागृह उघडले. १ डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.