खाद्यतेलातील भेसळ : जलद चाचण्या

महाग खाद्यतेलात स्वस्त किंवा अपायकारक तेल मिसळणे म्हणजे तेलातील भेसळ. थोड्या नमुन्यावर, काही मिनिटांत तिचा संशय दाखवून देणाऱ्या पद्धतींना जलद चाचण्या म्हणतात.

घरगुती चाचणी : खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली गोठते. काचेच्या पेल्यात ते घेऊन फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. शुद्ध तेल पांढरे, घट्ट होते. दुसरे तेल असल्यास त्याचा पातळ थर वेगळा राहतो.

प्रयोगशाळेतील चाचण्या : मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल असल्यास तीव्र नायट्रिक आम्लाबरोबर हलवल्यावर आम्लाच्या थराला नारिंगी ते लालसर रंग येतो. हे आम्ल त्वचा जाळते, म्हणून ही चाचणी घरी करू नये. पिवळ्या धोत्र्यातील सँग्विनारिन या विषाने पायांवर सूज येते, दम लागतो, हृदय निकामी होऊ शकते. १९९८ मध्ये दिल्लीत अशा तेलाने ६०हून अधिक माणसे दगावली. सरकीच्या तेलासाठी हाल्फेन, तर तिळाच्या तेलासाठी बोदुआँ चाचणी वापरतात; दोन्हींत लाल रंग येतो.

मर्यादा : एक चाचणी एकाच प्रकारची भेसळ पकडते. ४० अंशांवर शेंगदाणा तेलाचा ब्युटिरो-अपवर्तनांक (तेलातून जाताना प्रकाश किती वाकतो ते दाखवणारा आकडा) ५४.० ते ५७.१ आणि सरकीच्या तेलाचा ५५.६ ते ६०.२ असतो. दोन्ही पट्टे एकमेकांत शिरतात, त्यामुळे केवळ या आकड्यावर मिसळलेली सरकी सुटून जाऊ शकते. म्हणून शेंगदाणा तेलासाठी बेलिए चाचणीही करतात. या चाचणीत शुद्ध शेंगदाणा तेलाला गढूळपणा ३९ ते ४१ अंशांच्या दरम्यान येतो.

वारंवार तापवलेले तेल : वड्या-भज्यांच्या कढईतले तेल पुनःपुन्हा तापवल्याने त्यात ध्रुवीय संयुगे साठतात. १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के आहे. तेलात बुडवायच्या हातमापकावर हा आकडा तिथल्या तिथे कळतो.

कायदेशीर बाजू : जलद चाचणी संशय देते, पुरावा नव्हे. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार अन्नसुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करून सीलबंद करतो. अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. याच कायद्याच्या कलम ४० नुसार सामान्य ग्राहकही शुल्क भरून आपले तेल विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. त्यासाठी तेल नेहमी सीलबंद घ्यावे आणि बिल जपून ठेवावे.