मिनिटांकडून मुदतीकडे

नवी मुंबईचा इतिहास लिहिणारे बहुधा जमिनीपासून प्रारंभ करतात, आणि ते योग्यच आहे. कारण १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांची भातखाचरे व मिठागरे संपादनाखाली आली, १९७३ मध्ये ठाणे खाडीवर पूल उभा राहिला, आणि आगरी-कोळ्यांच्या जुन्या गावठाणांच्या अवतीभवती वाशी, नेरूळ, बेलापूर असे एकेक नोड आखीव रस्त्यांनिशी वाढत गेले. रस्ते, पाणी, मलनिस्सारण, शाळा, उद्याने या सर्वांची तरतूद ज्या आराखड्यात होती, त्यात मोबाइलच्या टॉवरची तरतूद असणे शक्यच नव्हते. परंतु गेल्या तीस वर्षांत या शहरातील श्रमिकाच्या जीवनात जे सर्वांत मोठे स्थित्यंतर घडले, ते या आराखड्याबाहेरच्या साधनाने घडविले. आणि म्हणून ‘रेंज येते का’ व ‘परवडते का’ या दोन प्रश्नांना वेळोवेळी मिळालेली उत्तरे हाही या शहराच्या इतिहासाचाच भाग मानला पाहिजे.

पहिली गोष्ट हद्दीची. १९९४ मध्ये केंद्र शासनाने चार महानगरांसाठी प्रत्येकी दोन खासगी कंपन्यांना परवाने दिले, त्यांपैकी मुंबईचे परवाने बीपीएल आणि हचिसन मॅक्स यांच्याकडे गेले. आणि परवान्याचा इलाखा, म्हणजे सर्कल, ठरविताना महापालिकेची नव्हे, तर टेलिफोन एक्स्चेंजची हद्द प्रमाण मानण्यात आली. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या महानगर टेलिफोन निगमचे क्षेत्र खाडी ओलांडून आलेले होते, म्हणून महापालिका स्वतंत्र असूनही नवी मुंबई मोबाइलच्या बाबतीत मुंबई सर्कलमध्येच राहिली. त्या सर्कलबाहेरचा उरलेला महाराष्ट्र गोव्यासह निराळ्या सर्कलमध्ये पडला, आणि परिणामी घाट चढून पुण्यास जाणारा मनुष्य आपल्याच राज्यात असूनही कंपनीच्या दप्तरी परमुलखातला ठरू लागला व त्यास रोमिंगचा आकार पडू लागला.

ही हद्द कोणास सर्वाधिक जाचली, हे समजण्यासाठी तुर्भ्याच्या बाजार समितीकडे पाहावे लागते. कांदा-बटाटा बाजार १९८१ मध्ये मुंबईहून इकडे आला आणि १९९६ मध्ये फळे व भाजीपाला यांचे घाऊक व्यापारही येथे स्थलांतरित झाले. त्यांच्यामागोमाग माथाडी कामगारांचा मोठा समुदाय कोपरखैरणे व घणसोलीच्या वसाहतींत स्थिरावला. यांतील बहुसंख्य सातारा आणि पुणे जिल्ह्यांतून आलेले. त्यांचा रोजगार मुंबई सर्कलमध्ये, तर आईवडील, शेत आणि देवघर महाराष्ट्र सर्कलमध्ये. येथले सिम गावी नेले तर रोमिंग, गावाकडचे येथे आणले तरी रोमिंग. म्हणून एक सिम मुंबईचे आणि एक गावाकडचे बाळगण्याची रीत येथे पडली, आणि दोन सिमचा हँडसेट बाजारात आला तेव्हा तो चैनीची वस्तू म्हणून नव्हे, तर सोय म्हणून घेतला गेला.

आरंभीचे दर आज अविश्वसनीय वाटतील असे होते. ३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिला मोबाइल संवाद कोलकात्याहून दिल्लीस झाला, त्या काळात गर्दीच्या वेळी मिनिटास १६ रुपयांच्या वर आकार पडे, आणि येणाऱ्या कॉलचेही पैसे घेणाऱ्यासच मोजावे लागत. शिवाय जोडणीसाठी अनामत रक्कम, पत्त्याचा दाखला आणि महिन्याचे बिल भरण्याची ऐपत हवी. ज्याचे घर भाडेकरार नसलेली गावठाणातील खोली आणि ज्याची मिळकत दररोजच्या हमालीवर, त्यास ही दारे बंदच होती. शतकाच्या अखेरीस प्रीपेड कार्डे आली आणि ही अडचण मोठ्या प्रमाणात दूर झाली. कारण पैसे आगाऊ मिळाल्यावर कंपनीस ग्राहकाच्या ऐपतीची चौकशी करण्याचे प्रयोजन उरले नाही. २००१ मध्ये महानगर टेलिफोन निगमही डॉल्फिन या नावाने मोबाइल सेवेत उतरले व त्यांचे ट्रम्प हे प्रीपेड कार्ड पानाच्या टपरीवर मिळू लागले.

त्या काळचे रिचार्ज कूपन ज्यांनी वापरले, त्यांना त्याचा विधी आठवत असेल. पत्त्याएवढ्या पातळ पुठ्ठ्यावर करड्या रंगाची पट्टी असे; ती रुपयाच्या नाण्याने खरवडताना नखात राखाडी चुरा अडके, आणि जोराने खरवडल्यास खालचा एखादा अंक पुसला जाई. तो लांबलचक आकडा कंपनीच्या क्रमांकावर कळवून झाला, की शिल्लक रक्कम आणि तिची मुदत असे दोन तपशील पडद्यावर उमटत. ग्राहकाचे सारे लक्ष पहिल्या तपशिलाकडे असे. पण पुढील इतिहास दुसऱ्याने घडविला.

२००२ च्या डिसेंबरात रिलायन्स इन्फोकॉमने सेवा सुरू केली आणि तिचे केंद्र कोपरखैरण्याच्या धीरुभाई अंबानी नॉलेज सिटीत असल्यामुळे, देशभरच्या स्वस्त दूरध्वनीची सूत्रे माथाडी वसाहतींपासून हाकेच्या अंतरावरून हलू लागली. दुसऱ्याच वर्षी, मे २००३ पासून, इंटरकनेक्शनच्या नव्या व्यवस्थेमुळे येणारे कॉल निःशुल्क झाले. या एका निर्णयाचे महत्त्व कोणत्याही दरकपातीहून अधिक आहे. कारण त्यामुळे ज्याच्या खात्यात दमडी शिल्लक नाही असा मनुष्यही संपर्कात राहू शकला. दहा रुपयांचा छोटा रिचार्ज मारावा, तो जपून ठेवावा आणि निरोप मिस्ड कॉलने द्यावा, हा शिरस्ता याच काळात रूढ झाला. गाडी गेटवर आली की अडत्याच्या गाळ्यातून टोळीच्या मुकादमास एक मिस्ड कॉल जाई, आणि पैसा न खर्चता मालाची उतराई सुरू होई. पुढे २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदास एक पैसा हा दर आणला, तेव्हा बारा सेकंदांच्या निरोपासाठी पूर्ण मिनिटाचे पैसे देण्याची सक्तीही संपली.

दर असे उतरत असता रेंजचा प्रश्न मात्र भूगोलाशी बांधलेला राहिला. नवी मुंबई ही एका बाजूस खाडी आणि दुसऱ्या बाजूस पारसिकची डोंगररांग यांच्यामध्ये पसरलेली लांबट पट्टी आहे. खाडीकडील सपाट भागात लहर निर्वेध जाते, पण बेलापूरचे डोंगरकुशीतले सेक्टर आणि खारघरच्या टेकडीलगतच्या इमारती यांच्यावर डोंगराची छाया पडते. यातच तरंगांचा गुणधर्म मिसळतो : ८०० वा ९०० मेगाहर्ट्झच्या लांब लहरी दूरवर जातात आणि काँक्रीटच्या भिंतींतूनही बऱ्यापैकी आत शिरतात, तर २३०० मेगाहर्ट्झच्या आखूड लहरी अधिक माहिती वाहून नेत असल्या तरी जवळच थकतात. म्हणूनच एकाच इमारतीत एका कंपनीचा फोन गच्चीवर व स्वयंपाकघरातही लागतो आणि दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकास बोलण्यासाठी गॅलरीत यावे लागते. टॉवर दाट केल्यास ही उणीव भरून निघते. परंतु टॉवरसाठी सोसायटीची गच्ची लागते, आणि भाड्याच्या उत्पन्नाचा मोह व किरणोत्सर्गाची धास्ती यांच्यात अनेक सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभा रंगल्या. १ सप्टेंबर २०१२ पासून शासनाने या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली.

ग्राहकास या गैरसोयीतून सुटण्याचा हक्क २० जानेवारी २०११ रोजी मिळाला. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची ही मुभा देशभर लागू झाली, आणि १९०० या क्रमांकावर एक संदेश धाडून मनुष्य आपल्या गल्लीत ज्याची रेंज उत्तम त्याच्याकडे ‘पोर्ट’ होऊ लागला. ज्या कामगाराचा क्रमांक मुकादमाच्या वहीत नोंदलेला आहे, त्यास क्रमांक गमावणे म्हणजे रोजगारच गमावण्यासारखे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या मुभेचे मोल कळते.

त्यानंतरची कथा आक्रसत जाणाऱ्या निवडीची आहे. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोबाइल सेवेचे १२२ परवाने रद्द केले. मुंबईची आद्य कंपनी बीपीएल, जी पुढे लूप झाली होती, तिचा परवाना संपताच नोव्हेंबर २०१४ मध्ये ती बंद पडली. मग इतिहासाचे केंद्र पुन्हा याच शहरात आले. २०१५ च्या डिसेंबरात घणसोलीच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमध्ये जिओचा परिचय प्रथम कर्मचाऱ्यांस करून देण्यात आला आणि ५ सप्टेंबर २०१६ रोजी ती सेवा सर्वांस खुली झाली. बोलणे निःशुल्क, आकार केवळ डेटाचा, आणि पहिले कित्येक महिने तोही नाही. या लाटेत कोपरखैरण्याच्या जुन्या कंपनीची मोबाइल सेवा थांबली, व्होडाफोन व आयडिया ऑगस्ट २०१८ मध्ये एक झाल्या, आणि खासगी कंपन्या तीनच उरल्या. महानगर टेलिफोन निगम चौथे होते, पण क्षीण.

बोलण्याचा दर अशा रीतीने शून्यावर आला, पण आकारणी थांबली नाही. ती मिनिटांवरून दिवसांवर आली. २०१८ च्या अखेरीस एअरटेल व व्होडाफोन आयडिया यांनी २८ दिवसांस किमान ३५ रुपयांचा रिचार्ज आवश्यक केला, आणि येणाऱ्या कॉलवर वर्षभर निभावणारा ग्राहक तेव्हा इतिहासजमा झाला. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर २८ दिवसांचा प्लॅन जिओकडे १८९ रुपयांस, तर अन्य दोघांकडे १९९ रुपयांस पडू लागला. दिवसाचा हिशेब केला तर हे सात रुपयांच्या आसपास येते, आणि जो मनमुराद बोलतो त्यास १९९५ च्या तुलनेत हे जवळपास दानच आहे. परंतु २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात, म्हणजे १८९ रुपयांच्या हिशेबाने २,२६८ ऐवजी २,४५७ रुपये. २०२२ च्या आरंभी दूरसंचार नियामक ट्रायने प्रत्येक कंपनीस ३० दिवसांचा निदान एक प्लॅन ठेवण्यास भाग पाडले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ज्यांना डेटा नको अशांसाठी केवळ कॉल व संदेशांचे स्वतंत्र व्हाउचर सक्तीचे केले. त्यानंतर ८४ दिवसांचे असे व्हाउचर साडेचारशे रुपयांच्या आसपास मिळू लागले, म्हणजे दिवसास सुमारे साडेपाच रुपये. ही माहिती टपरीवरील दरपत्रकात ठळक नसते, म्हणून ती विचारून घेतली पाहिजे.

आज तिन्ही कंपन्यांचे दर इतके जवळ आले आहेत, की केवळ किमतीवरून निवड करणे निरर्थक झाले आहे. आपल्या खोलीत, आपल्या गाळ्यात आणि गावी जाण्याच्या वाटेवर ज्याची रेंज मिळते तेच सिम स्वस्त. आणि कोणताही प्लॅन घेताना एकूण रकमेस दिवसांच्या संख्येने भागून पाहावे, हाच या तीस वर्षांच्या अनुभवाचा व्यवहारी निष्कर्ष आहे. पण इतिहास याहून मोठी गोष्ट सांगतो. बोलण्याचा दर स्पर्धेने उतरविला, हे तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. मात्र केवळ संपर्कात राहण्याचे मोल, जे एके काळी दहा रुपयांत भागत होते, ते त्याच अवधीत वाढत गेले, आणि स्पर्धक तीनच उरले असता ते आपोआप उतरेल अशी आशा धरण्यास आधार नाही. नाक्यावर कामाच्या बोलावण्याची वाट पाहणाऱ्या मजुरास फोन करावयाचा नसतो, त्यास फोन यावयाचा असतो. २००३ मध्ये येणारे कॉल निःशुल्क करणाऱ्या व्यवस्थेने हा भेद ओळखला होता. आज नियामकाने तो पुन्हा ओळखून अल्प रकमेचा, दीर्घ मुदतीचा, केवळ येणाऱ्या कॉलचा प्लॅन प्रत्येक कंपनीवर बंधनकारक करावा.